कवटीच्या तळाचे दुर्मिळ रचनाभेद आणि दंतचित्रण : एक ऐतिहासिक आढावा
(रत्नागिरी जिल्ह्याच्या संदर्भासह)

सारांश

दंतोपचारासाठी घेतल्या जाणाऱ्या त्रिमितीय क्ष-किरण चित्रणात जबड्याबरोबर कवटीच्या तळाचाही भाग येतो. या भागात काही व्यक्तींमध्ये जन्मजात छिद्रे, खळगे वा नलिका आढळतात. त्यांपैकी बहुतेक निरुपद्रवी असतात. परंतु ओळख नसल्यास त्यांना रोग समजले जाते, किंवा रोगालाच रचनाभेद समजून दुर्लक्ष केले जाते. या रचनाभेदांचे ज्ञान कोरड्या कवट्यांच्या अभ्यासातून कसे घडले, ते क्ष-किरणांच्या मार्गाने दंतवैद्यकात कसे आले, आणि 'प्रकृत' कोणास म्हणावे हा प्रश्न या वाटचालीत कसा उपस्थित होत गेला, याचा आढावा प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

बीजशब्द : कवटीचा तळ, रचनाभेद, दंतचित्रण, सीबीसीटी, इरावती कर्वे, देवरूख

१. प्रस्तावना

मानवी कवटीचा तळ हा शरीरातील अत्यंत गुंतागुंतीचा अस्थिप्रदेश आहे. मेंदू ज्या हाडांवर विसावतो त्या हाडांतून मज्जातंतू, रोहिणी व नीला ये-जा करतात. म्हणून हा प्रदेश छिद्रांनी भरलेला आहे. त्याच्या मध्यभागी वटवाघळासारख्या आकाराची जतूकास्थी आहे. तिच्यावरील खोलगट बैठकीत पीयूषिका ग्रंथी असते. या बैठकीच्या मागे हाडाचा एक उतार पश्चकपालास्थीच्या महारंध्रापर्यंत जातो. त्यास 'क्लायव्हस' म्हणतात. बाजूला शंखास्थी असून तिच्या खाचेत खालच्या जबड्याचा सांधा बसतो. म्हणजेच जबडा ज्या अस्थीला टांगलेला आहे ती अस्थी कवटीच्या तळाचाच भाग आहे. दंतवैद्यक आणि कवटीचा तळ यांचा संबंध दूरचा वाटला तरी शारीररचनेच्या दृष्टीने तो शेजाऱ्याचा आहे.

हा संबंध भारतीय परंपरेलाही अपरिचित नव्हता. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात अस्थींचे कपाल, रुचक, तरुण, वलय आणि नलक असे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी कपाल प्रकारात डोक्याची हाडे येतात, तर दातांना रुचक म्हटले आहे. दात आणि कवटी एकाच अस्थिगणनेत बसविलेली आहेत. चरकाने अस्थींची संख्या ३६० तर सुश्रुताने ३०० मानली. या मतभेदाची चिकित्सा रुडॉल्फ हर्नले यांनी १९०७ च्या आपल्या ग्रंथात केली. दोन थोर आचार्यांच्या गणनेत साठ अस्थींचा फरक पडावा, यावरून 'काय मोजावे' हा प्रश्न 'किती आहेत' या प्रश्नाइतकाच जुना असल्याचे दिसून येते.

२. कोरड्या हाडांचा काळ

आधुनिक शारीरशास्त्रात कवटीच्या तळावरील अनियमित छिद्रांची नोंद आंद्रेआस व्हेसेलियस याच्यापासून सुरू होते. १५४३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात जतूकास्थीतील अंडाकृती छिद्राच्या पुढे व आतल्या बाजूस असलेल्या एका लहान छिद्राचा उल्लेख आहे. ते सर्वांमध्ये नसते. काहींमध्ये एकाच बाजूस असते. आज ते 'व्हेसेलियसचे छिद्र' म्हणून ओळखले जाते. त्यातून जाणारी लहानशी नीला चेहऱ्याच्या खोल भागातील नीलाजालास कवटीच्या आतील रक्तकोशाशी जोडते. दाताचा वा जबड्याचा संसर्ग मेंदूकडे पसरण्याचा हा एक संभाव्य मार्ग असल्याने दंतवैद्यकाच्या दृष्टीने या छिद्रास विशेष महत्त्व आहे.

एकोणिसावे शतक हे अशा नोंदींचे शतक होते. जर्मन शारीरशास्त्रज्ञ एमिल हुश्के याच्या नावाने ओळखले जाणारे छिद्र कानाच्या नळीच्या अस्थिभित्तीत, जबड्याच्या सांध्याच्या अगदी मागे असते. बालपणी ते सर्वसाधारणपणे पाचव्या वर्षाच्या सुमारास बुजते. काही प्रौढांत मात्र ते कायम राहते. १८६८ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथील लांडत्सर्ट याने पीयूषिका ग्रंथीच्या बैठकीपासून नासाग्रसनीपर्यंत जाणाऱ्या नलिकेचे वर्णन केले. याच शतकाच्या उत्तरार्धात वेन्त्सेल ग्रूबर याने क्लायव्हसच्या मध्यरेषेतील नलिकेची नोंद केली. क्लायव्हसच्या खालच्या पृष्ठभागावर, महारंध्राच्या पुढे कधीकधी आढळणाऱ्या नावेच्या आकाराच्या खळग्याचे वर्णनही कोरड्या कवट्यांवरूनच झाले.

या नलिका व खळगे कशामुळे उरतात, याविषयी मते बदलत गेली. लांडत्सर्टने वर्णिलेली नलिका म्हणजे गर्भावस्थेत पीयूषिका ग्रंथी ज्या मार्गाने वर गेली त्या मार्गाचा अवशेष, असे दीर्घकाळ मानले जाई. १९५० मध्ये लेस्ली एरे याने या मताचा फेरविचार करून ती हाड बनताना राहिलेली रक्तवाहिन्यांची वाट असावी असे प्रतिपादन केले. ही नलिका साधारणतः हजारांत चार व्यक्तींमध्ये आढळते, असेही त्याच्या अभ्यासावरून सांगितले जाते.

या काळाची एक मर्यादा लक्षात घेणे आवश्यक आहे. कोरडी कवटी बोलत नाही. ती ज्या व्यक्तीची होती तिला काही त्रास होता काय, तिचे वय काय, ती कोठली, याची माहिती बहुधा नसे. युरोप व अमेरिकेतील वैद्यकीय व दंतवैद्यकीय महाविद्यालयांत शिकविण्यासाठी वापरलेल्या अनेक कवट्या भारतातून गेलेल्या होत्या. भारत सरकारने १९८५ मध्ये मानवी सांगाड्यांच्या निर्यातीवर बंदी घातली, तोपर्यंत हा व्यापार चालू होता. ज्या कवट्यांवरून जगभरच्या विद्यार्थ्यांनी 'प्रकृत' कवटी शिकून घेतली, त्यांतील कित्येक या देशातील अनामिक माणसांच्या होत्या. ही बाब इतिहासाच्या अभ्यासकाने विसरता कामा नये.

३. इरावती कर्वे आणि कवटीच्या मापनाचा प्रश्न

कवटीतील फरकांचा अर्थ लावण्याच्या इतिहासात एका मराठी विदुषीचे स्थान मोलाचे आहे. इरावती कर्वे (१९०५–१९७०) या महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या स्नुषा. महर्षी कर्वे यांचा जन्म खेड तालुक्यातील शेरवली येथील व त्यांचे बालपण दापोली तालुक्यातील मुरूड येथे गेलेले. त्यामुळे रत्नागिरी जिल्ह्याशी या घराण्याचे नाते जवळचे आहे. मुंबई विद्यापीठात डॉ. गो. स. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली १९२८ मध्ये पदव्युत्तर पदवी घेतल्यानंतर त्या बर्लिनला गेल्या. तेथील डाहलेम उपनगरातील कैसर विल्हेल्म मानवशास्त्र संस्थेत ऑयगेन फिशर हा संचालक होता. वंशश्रेष्ठत्वाच्या विचाराचा तो प्रमुख पुरस्कर्ता होता आणि पुढे नाझी राजवटीने त्याच्या विद्येचा पुरेपूर उपयोग करून घेतला.

फिशरने इरावतीबाईंना कवटीच्या असममितीचा विषय दिला. युरोपीय लोकांच्या कवटीची उजवी व डावी बाजू अधिक असमान असते व हा त्यांच्या बौद्धिक श्रेष्ठतेचा पुरावा होय, असे त्यामागील गृहीत होते. इरावतीबाईंनी १४९ कवट्यांची मापे घेतली. कवटी असममित असते, परंतु या असममितीचा वंशाशी संबंध दिसत नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. ज्या मार्गदर्शकाच्या हाती पदवी होती त्याच्याच गृहीताविरुद्ध, परदेशी असलेल्या एका तरुण स्त्रीने आपल्या मापांशी प्रामाणिक राहून हे लिहिले. तिला पदवी मिळाली. पण श्रेणी मात्र खालची मिळाली.

या घटनेचे महत्त्व दुहेरी आहे. एक तर, निरोगी कवटीच्या दोन बाजू तंतोतंत सारख्या नसतात, ही गोष्ट आज चित्रण वाचणाऱ्या प्रत्येकास मूलभूत म्हणून शिकविली जाते. दुसरे म्हणजे, हाडातील फरक दिसणे आणि त्या फरकाला अर्थ देणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत, हे त्यातून स्पष्ट होते. पहिल्या क्रियेस नजर लागते. दुसरीस पुरावा लागतो.

१९३९ मध्ये इरावतीबाई पुण्याच्या डेक्कन कॉलेजात रुजू झाल्या. गुजरातमधील लांघणज येथील उत्खननात सापडलेल्या प्राचीन मानवी अवशेषांचा अभ्यास त्यांनी ह. धी. सांकलिया यांच्या समवेत केला. मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयातील शारीरशास्त्रज्ञ ग. मो. कुरुलकर यांचाही या कामात सहभाग होता. पुढे शिरूर तालुक्यातील इनामगाव येथील ताम्रपाषाणयुगीन वस्तीच्या उत्खननातून मिळालेल्या सांगाड्यांवर जॉन लुकाक्स व सु. रा. वाळिंबे यांनी १९८६ मध्ये विस्तृत ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात दातांच्या अभ्यासास मोठे स्थान आहे. महाराष्ट्रात दात व कवटी यांचा एकत्र अभ्यास प्रथम रुजला तो असा पुरातत्त्वाच्या अंगाने.

जगभरच्या अभ्यासातही या सुमारास मोठे स्थित्यंतर झाले. १९६७ मध्ये बेरी दांपत्याने निरनिराळ्या प्रदेशांतील कवट्यांवरील तीस रचनाभेदांची गणना प्रसिद्ध केली. हुश्केचे छिद्र त्या यादीत होते. एखादा भेद एका लोकसमूहात अधिक तर दुसऱ्यात कमी आढळतो, हे त्यांनी दाखवून दिले. म्हणजे 'दुर्मिळ' हा शब्द निरपेक्ष नाही. एका प्रदेशातील दुर्मिळ गोष्ट दुसऱ्या प्रदेशात नित्याची असू शकते.

४. छायेचा काळ : क्ष-किरण आणि दंतवैद्यक

८ नोव्हेंबर १८९५ रोजी राँटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला. त्यानंतर काही आठवड्यांतच, जानेवारी १८९६ मध्ये, जर्मनीतील दंतवैद्य ऑटो वाल्कहोफ याने स्वतःच्या दातांचे चित्र घेतले. त्यासाठी त्यास पंचवीस मिनिटे किरणांसमोर राहावे लागले. कवटीचा तळ मात्र या छोट्या चित्रपट्टीच्या कक्षेबाहेर होता.

तो दंतवैद्यकात आला १९३१ मध्ये. अमेरिकेत हॉली ब्रॉडबेंट व जर्मनीत होफराथ यांनी स्वतंत्रपणे डोक्याचे बाजूने घ्यावयाचे प्रमाणित क्ष-किरण चित्र विकसित केले. ब्रॉडबेंटचे उपकरण कोरड्या कवट्या स्थिर धरून मापन करण्याच्या मानवशास्त्रीय चौकटीवरून घडविलेले होते. दात सरळ करण्याच्या उपचारात जबड्याची वाढ कशाच्या संदर्भात मोजावी, हा प्रश्न होता. पीयूषिका ग्रंथीच्या बैठकीचा मध्य आणि नाकाच्या मुळाचा बिंदू यांना जोडणारी रेषा त्यासाठी आधाररेषा ठरली. बर्लिनमध्ये इरावतीबाई कवट्या मोजत होत्या जवळजवळ त्याच काळात मानवशास्त्राची मोजपट्टी अशा रीतीने दंतवैद्याच्या हाती आली. तेव्हापासून कवटीचा तळ दंतवैद्याच्या नजरेसमोर सतत राहिला. मात्र तो मोजण्याचा आधार म्हणून. स्वतंत्रपणे तपासण्याची वस्तू म्हणून त्याकडे क्वचितच पाहिले गेले.

फिनलंडच्या यर्यो पाटेरो याने विकसित केलेल्या, दोन्ही जबडे एकाच पट्टीवर दाखविणाऱ्या चित्रणाने पुढील टप्पा गाठला. आज 'ओपीजी' या नावाने ते तालुक्याच्या गावांतही परिचित आहे. या चित्राच्या कडेला शंखास्थीचे काही भाग येतात. वॉट ईगल याने १९३७ पासून वर्णिलेली, लांबलेल्या शलाकाप्रवर्धामुळे होणारी घशाची व मानेची वेदना ओळखण्यास हे चित्रण उपयुक्त ठरले. १९८५ मध्ये टिंडल व मॅटसन यांनी १,०६१ रुग्णांच्या अशा चित्रांत जबड्याच्या सांध्यापुढील अस्थिउंचवट्यात हवेचे कप्पे शोधले, ते २.६ टक्के व्यक्तींत आढळले. हे कप्पे निरुपद्रवी असतात. परंतु त्या उंचवट्यावर शस्त्रक्रिया करावयाची असल्यास त्यांची पूर्वकल्पना नसणे धोक्याचे ठरू शकते.

महाराष्ट्रात याच काळात दंतवैद्यकीय शिक्षणाची पायाभरणी झाली. मुंबईतील नायर रुग्णालय दंत महाविद्यालय १९३३ मध्ये व शासकीय दंत महाविद्यालय १९४५ मध्ये सुरू झाले. दंतवैद्य अधिनियम १९४८ मध्ये संमत झाला. मुंबई शारीरशास्त्र अधिनियम १९४९ मधील असून बेवारस मृतदेह अध्ययनासाठी उपलब्ध करून देण्याची कायदेशीर व्यवस्था त्याने केली. पुढे दंतशिक्षण मुंबईबाहेर पसरले आणि रत्नागिरी जिल्ह्यातही खेड येथे दंत महाविद्यालय उभे राहिले.

५. घनचित्रांचा काळ

गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र १ ऑक्टोबर १९७१ रोजी घेतले गेले. सीटी स्कॅनच्या या तंत्राने कवटीचा तळ प्रथमच जिवंत माणसात काप करून पाहता येऊ लागला. परंतु दंतवैद्यकास परवडेल असे यंत्र येण्यास आणखी पाव शतक लागले. १९९८ मध्ये इटलीतील मोत्सो व त्यांच्या सहकाऱ्यांनी, तसेच त्याच सुमारास जपानमधील आराई यांनी शंकूच्या आकाराचा किरणझोत वापरणारे यंत्र वर्णिले. झोत डोक्याभोवती एकदा फिरतो, शेकडो छायाचित्रे घेतो आणि संगणक त्यांतून घनचित्र रचतो. यालाच कोन बीम सीटी अथवा सीबीसीटी म्हणतात. नेहमीच्या सीटीच्या तुलनेत किरणमात्रा बहुधा कमी आणि हाडाचा तपशील अत्यंत सूक्ष्म, हे त्याचे गुण होत.

दंतरोपण, अक्कलदाढ, जबड्याची शस्त्रक्रिया वा सांध्याचा विकार यांसाठी हे चित्रण केले जाते. चित्रणाचे क्षेत्र मोठे घेतल्यास क्लायव्हस, जतूकास्थी व महारंध्राची कड त्यात सहज येते. परिणामी, शतकापूर्वी शवविच्छेदनगृहातील टेबलावर दिसणारे रचनाभेद आता दंतवैद्याच्या संगणकावर दिसू लागले. तुर्कस्तानातील चंकाल व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये क्लायव्हसवरील नावेच्या आकाराचा खळगा कोरड्या कवट्यांपैकी ५.३ टक्के, तर सीटी चित्रांपैकी ३ टक्के इतक्या प्रमाणात नोंदविला. त्यानंतर सीबीसीटीवर आधारित अशा गणना अनेक देशांतून प्रसिद्ध होत गेल्या.

ओळखीच्या खुणा तत्त्वतः सोप्या आहेत. रचनाभेदाची कड गुळगुळीत व दाट हाडाची असते. तो बहुधा ठरावीक जागी, अनेकदा मध्यरेषेत असतो. भोवतालचे हाड खाल्ले गेलेले नसते. आणि जुने चित्र उपलब्ध असल्यास त्यात बदल झालेला दिसत नाही. याउलट कड कुरतडलेली, सीमा अस्पष्ट, हाड फुगलेले वा नाहीसे झालेले असल्यास अर्बुदाचा अथवा संसर्गाचा संशय घ्यावा लागतो. कुमारवयात जतूकास्थी व पश्चकपालास्थी यांमधील कूर्चेची जोडरेषा पूर्ण बुजलेली नसते. अनभ्यस्त नजरेस ती अस्थिभंगासारखी भासते.

परंतु सीबीसीटीची मर्यादाही तितकीच महत्त्वाची आहे. त्यात मृदू ऊतींचा भेद कळत नाही. लांडत्सर्टची नलिका रुंद असल्यास तीत पीयूषिका ग्रंथीचा अंश किंवा मेंदूच्या आवरणाचा फुगा उतरलेला असू शकतो. २०१४ मध्ये एबेल व सहकाऱ्यांनी या नलिकेची तिच्या आकारमानानुसार व आत काय आहे त्यानुसार वर्गवारी केली. नाकाच्या मागील गाठ म्हणून असा भाग कापून तपासणीस पाठविल्यास ग्रंथीचे कार्य कायमचे बाधित होण्याचा वा मेंदूभोवतालचा द्रव गळण्याचा धोका संभवतो. अशा प्रसंगी एमआरआय केल्याविना पुढे जाणे उचित नाही. त्याचप्रमाणे हुश्केचे छिद्र कायम असलेल्या व्यक्तीत जबड्याच्या सांध्यात दुर्बीण घालताना ती कानाच्या नळीत शिरण्याचा संभव असतो. निरुपद्रवी आणि महत्त्वशून्य हे दोन शब्द समानार्थी नाहीत, हे यावरून ध्यानी यावे.

६. देवरूख : प्रश्नाचे स्थानिक रूप

देवरूख हे संगमेश्वर तालुक्याचे मुख्य ठाणे. या गावाच्या आरोग्यसेवेच्या इतिहासात इंदिराबाई तथा मावशी हळबे यांनी १९५४ मध्ये स्थापन केलेल्या मातृमंदिर संस्थेचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. लहानशा प्रसूतिगृहापासून वाढलेले हे कार्य ग्रामीण आरोग्याचा मूलभूत प्रश्न, म्हणजे सेवा माणसाच्या जवळ असण्याचा प्रश्न, समोर ठेवून उभे राहिले. पुढील काळात चिपळूण तालुक्यातील डेरवण येथेही मोठे रुग्णालय उभे राहिले. तरीही विशेष तपासणीसाठी रत्नागिरी, कोल्हापूर वा मुंबई गाठणे हा तालुक्यातील जनतेचा जुना अनुभव आहे. आंबा घाट ओलांडून कोल्हापूरला जाणे म्हणजे मजुरीचा दिवस बुडणे, सोबतीला माणूस शोधणे आणि पावसाळ्यात वाटेची चिंता करणे होय.

या पार्श्वभूमीवर चित्रणाच्या अहवालातील एका वाक्याचे वजन वेगळे ठरते. समजा, दंतरोपणासाठी गेलेल्या एखाद्या प्रौढ व्यक्तीच्या अहवालात 'कवटीच्या तळाला हाडात पोकळी' एवढेच लिहून आले. महानगरात राहणाऱ्यास दुसऱ्या दिवशी तज्ज्ञ भेटेल. वाडीवस्तीवरील कुटुंबाच्या वाट्याला मात्र कर्करोगाच्या भीतीचे कित्येक दिवस, प्रवास आणि महागडी तपासणी येईल. आणि शेवटी तो जन्मजात खळगा असल्याचे कळेल. याउलट, खरोखरीच्या रोगाची खूण केवळ दातांकडे लक्ष असल्यामुळे सुटली, तर त्या रुग्णास पुन्हा चित्रण करून घेण्याची संधी कदाचित वर्षानुवर्षे मिळणार नाही. दोन्ही चुकांची किंमत ग्रामीण रुग्णास अधिक मोजावी लागते.

म्हणून घनचित्र पूर्णपणे वाचण्याच्या जबाबदारीचा मुद्दा महत्त्वाचा ठरतो. अमेरिकेतील मुख व जबडा क्ष-किरणशास्त्र अकादमीने २००८ मध्येच, सीबीसीटी घेणाऱ्याने संपूर्ण घनचित्राचे वाचन करणे वा करवून घेणे हे त्याचे कर्तव्य आहे, अशी भूमिका घेतली. भारतात क्ष-किरण यंत्रांच्या सुरक्षित वापरावर १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियंत्रण आहे. परंतु यंत्र सुरक्षित असणे आणि चित्र नीट वाचले जाणे या भिन्न बाबी आहेत. दूरवाचनाच्या सोयीमुळे आज चित्र क्षणार्धात तज्ज्ञाकडे पाठविता येते. रुग्णास घाट ओलांडावा लागण्यापूर्वी चित्राने तो ओलांडावा, हे तंत्रदृष्ट्या शक्य झाले आहे.

७. समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

(१) कवटीच्या तळावरील रचनाभेदांचे ज्ञान कोरडी कवटी, क्ष-किरणांची छाया आणि संगणकीय घनचित्र अशा तीन टप्प्यांतून घडले. साधन बदलले तरी 'प्रकृत काय' हा प्रश्न प्रत्येक टप्प्यावर नव्याने उभा राहिला.

(२) दंतवैद्यक या विषयास अपघाताने सामोरे गेलेले नाही. १९३१ पासून कवटीचा तळ हीच त्याची आधाररेषा आहे. ज्या आधारावर मोजायचे तो आधार वाचता येणे हे ओघानेच येते.

(३) इरावती कर्वे यांच्या बर्लिनमधील कार्याने दाखवून दिल्याप्रमाणे, फरक पाहणे आणि फरकाचा अर्थ लावणे यांत अंतर राखणे हा शास्त्रीय शिस्तीचा गाभा आहे. ही शिस्त एकेकाळी वंशवादाविरुद्ध उपयोगी पडली. आज ती अकारण भीती व अनाठायी दुर्लक्ष या दोहोंविरुद्ध उपयोगी पडू शकते.

(४) दुर्मिळतेची गणना प्रदेशसापेक्ष असल्याने अन्य देशांतील टक्केवारी कोकणातील रुग्णास जशीच्या तशी लावणे योग्य नाही. जिल्ह्यातील दंत व वैद्यकीय संस्थांनी, रुग्णांची संमती घेऊन व नावे वगळून, उपचारासाठी आधीच घेतलेल्या चित्रांतील रचनाभेदांची नोंद ठेवल्यास अशी स्थानिक गणना उभी राहू शकेल. केवळ अभ्यासासाठी कोणासही नव्याने किरणांसमोर बसविण्याची त्यासाठी गरज नाही.

एकेकाळी या देशातील अनामिक कवट्या जगाच्या अभ्यासमेजावर गेल्या. त्या माणसांची संमती कोणी विचारली नाही आणि त्या अभ्यासाचा लाभही त्यांच्या गावापर्यंत पोहोचला नाही. संमतीने ठेवलेल्या, गावाच्या उपयोगी पडणाऱ्या नोंदी हे त्या इतिहासाला दिलेले उचित उत्तर ठरेल.